पाडव्यानंतर कात्री नको

होळी होऊन चार-पाच दिवस झाले असतील. भुसावळ रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत एक बाई सोनचाफ्याचं रोप हातात धरून उभ्या होत्या, पैसे द्यायला पर्स उघडलेली. रोप देखणं होतं, शेंड्याला तांबूस लुसलुशीत पालवी. तिथल्या म्हाताऱ्या बाबांनी ते त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं, परत हिरव्या जाळीखाली नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "आते नको लावू माय, मिरगमा लावजो." बाई चिडल्या. वसंत ऋतू सुरू आहे, झाडं लावायचा हाच मोसम, मोबाइलवर सगळे तेच सांगतात, आणि हा माणूस दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतोय! शेवटी दोन मातीच्या कुंड्या घेऊन त्या निघून गेल्या. बाबा पुन्हा झारी घेऊन कामाला लागले.

विकायला बसलेल्या माणसानं विकायला नाही म्हणावं, ही गोष्ट डोक्यातून जाईना. कारण बाईंचंही काही चुकत नव्हतं. झाडं फुटतात ती याच दिवसांत. कडुलिंबाखाली पाल्याचा सडा पडलेला असतो आणि वर त्याच फांदीला तांबूस पालवी आलेली असते. सातपुड्याच्या बाजूला पळस पेटलेला असतो. गहू निघालेला, हरभरा निघालेला, गच्च्यांवर कुरडया आणि बिबडे वाळत पडलेले, आणि सकाळी सातपर्यंत हवेत असा काही गारवा, की वाटतं आता बागेत काहीही लावावं आणि ते जगावं. पण झाडाला पालवी फुटणं आणि नव्या मातीत मूळ धरणं ही दोन कामं आहेत. जाळीच्या सावलीत, पिशवीत वाढलेलं रोप या दिवसांत बाहेर लावलं, तर मूळ हातभर पसरायला त्याला जेमतेम दीड महिना मिळतो. पुढे पारा 45 कडे सरकतो. तोवर वरची नवी पानं जेवढं पाणी उडवतात, तेवढं खालून चढत नाही. रोप आधी कडेनं करपतं, मग शेंडा माना टाकतो, मग माणूस घाबरून दिवसातून दोनदा पाणी घालतो आणि उरलेली मुळंही कुजवतो. बाबांना हे दरवर्षी दिसत असणार. मेलेलं रोप घेऊन भांडायला येणारं गिऱ्हाईकही दिसत असणार.

एवढं मात्र खरं, की ज्यांनी रोप आधीच आणून ठेवलंय त्यांनी ते टाकून द्यायची गरज नाही. पिशवीतच राहू द्यावं, पूर्वेकडच्या भिंतीशी, चार रोपांच्या घोळक्यात. पिशवीच्या तळातून मुळं बाहेर डोकावत असतील, तर पिशवीसकट एक आकार मोठ्या कुंडीत माती घालून बसवावं. मृग लागला की मग खड्डा.

आपल्याकडच्या, म्हणजे खान्देशातल्या वसंताला मुळात मुदत असते. महाशिवरात्र ते पाडवा हा एक महिना, आणि पाडवा ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा दुसरा. पहिला महिना कात्रीचा, खताचा, बियांचा. दुसरा सावलीचा आणि पाण्याचा. या दोन महिन्यांची कामं एकमेकांत मिसळली की बाग बिघडते. पाहुण्यांनी पुण्याहून किंवा नाशिकहून सांगितलेली तारीख इथे पंधरा-वीस दिवस आधी धरावी, हा माझा साधा हिशोब आहे.

मोगऱ्याचंच घ्या, कारण सगळ्यांत जास्त चुका त्याच्याच वाट्याला येतात. मोगरा फुलतो तो नव्या फुटव्यावर. जुनं लाकूड कितीही जपलं तरी ते फुलं देत नाही, नुसती पानं देतं. म्हणून छाटणी हवीच. पण मोगऱ्यापुरती ती जरा आधीच, वसंत पंचमीच्या सुमाराला, फार तर शिवरात्रीपर्यंत. आधी पाणी तोडायचं. जमिनीतल्या झुडपाचं दहा-बारा दिवस, कुंडीतल्याचं पाच-सहा दिवस पुरे. पानं मलूल होऊन पिवळट पडायला लागली की ती काढायची. ओरबाडून नाही; वरून खाली ओढलं की पानाच्या बेचक्यातला फुटव्याचा डोळाही सालीसकट निघतो, आणि आपल्याला तोच तर हवा असतो. देठाला अंगठा लावून पान बाजूला मोडायचं. मग धारदार सिकेटरनं जमिनीतलं झुडूप दीड फुटावर आणि कुंडीतलं वीतभर उंचीवर कापायचं. काप डोळ्याच्या पाव इंच वर, आणि डोळा झुडपाच्या बाहेरच्या अंगाचा. आतल्या बाजूला तोंड असलेला डोळा ठेवला तर फांद्या आत घुसून गर्दी करतात आणि पुढे तिथेच कोळी माजतो. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, काडीसारख्या बारीक फांद्या बुडाशी काढून टाकायच्या.

नंतर बुडाची दोन-तीन इंच माती हलवून मोकळी करायची आणि एक-दोन दिवस तशीच तापू द्यायची. जमिनीतल्या झुडपाला घमेलंभर मुरलेलं शेणखत, बारा इंची कुंडीला दोन-तीन मुठी आणि वर मूठभर निंबोळी पेंड. मग एकदाच पोटभर पाणी. तीन आठवड्यांत फुटवे दिसतात आणि फुटव्याच्या टोकाला बहुतेक तीन-तीन कळ्यांचा झुबका येतो. मधली कळी आधी फुगते. कळ्या उतरवायच्या त्या दुपार कलल्यावर, टपोऱ्या पांढऱ्या झालेल्या पण मिटलेल्या. ज्यांनी त्यातल्या चार संध्याकाळी माठात टाकून ठेवल्या असतील, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या पाण्याचं वर्णन सांगायला नको. पहिला बहर ओसरला की वाळलेल्या झुबक्याखालची दोन पानं धरून शेंडा तेवढा खुडायचा, तिथून दुसरा बहर येतो. खुडणं बोटांचं काम आहे, त्याला कात्री लागत नाही.

पाडव्यानंतर हाच मोगरा खरडून छाटला तर काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. फुटवे येतात, उलट भराभर येतात, पण बोटभर वाढले की बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात त्यांचे शेंडे तपकिरी होऊन वळतात. झुडपानं साठवलेलं सगळं त्या फुटव्यांवर खर्च झालेलं असतं. मरत नाही, पण पावसाळ्यापर्यंत नुसतं टिकून राहतं.

मोगऱ्याच्या बाकीच्या तक्रारी ठरलेल्या असतात. पानं रसरशीत आणि कळीचा पत्ता नाही: युरिया किंवा दर आठवड्याचा शेणकाला जास्त झाला, नाहीतर झुडपाला पाच तासही ऊन मिळत नाही. कळ्या जांभळट होऊन न उमलताच गळतात: आत बारीक अळी आहे, अशा कळ्या वेचून पिशवीत बांधून फेकायच्या, कंपोस्टमध्ये नाही. पानांवर धुळीसारखी पिवळट छटा आणि मागे बारीक जाळी: लाल कोळी. त्याला कोरडी हवा मानवते. दोन-तीन दिवस ओळीनं सकाळी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारला की निम्मा उपद्रव संपतो. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम हे औषध आहे खरं, पण पारा पस्तिशीच्या वर गेल्यावर ते पानं भाजतं, म्हणून चैत्रात तो डबा उघडू नये.

आता मातीकडे यावं लागेल, कारण आपल्या बागेतली निम्मी दुखणी वरून आलेली दिसतात आणि असतात खालची. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते. फाल्गुनाच्या अखेरीस अंगणात पहिली भेग दिसते. पंधरा दिवसांत तीत बोट जातं. अशा भेगेजवळ गुडघे टेकून नीट बघावं. दोन्ही कडांना पांढरी, केसासारखी तुटलेली मुळं लोंबताना दिसतात. झाड पाणी पितं ते याच मुळांनी. शिवाय भेग म्हणजे खालची ओल उडून जायला उघडी खिडकी. म्हणून या दिवसांत खोल खणू नये. खुरप्यानं वरची दोन इंच माती हलवायची, भुसभुशीत झालेली तीच माती भेगांत लोटायची, सावकाश पाणी द्यायचं आणि वर तीन-चार इंचांचं आच्छादन. गव्हाचं काड, केळीची वाळकी पानं, कडुलिंबाचा पाला, जे हाताशी असेल ते. खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवायची. काड खोडाला टेकलं की वाळवीला आयती शिडी मिळते. सकाळी सकाळी गल्लीत झाडून गोळा केलेला कडुलिंबाचा पाला पेटवलेला दिसतो आणि जीव हळहळतो. महिन्याभरात हीच मंडळी आच्छादनासाठी पोतंभर काहीतरी विकत आणणार असतात.

कुंडीत हीच माती वेगळं नाटक करते. ती वाळून आकसली की कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं, झाड भरपूर प्यालं. गोळा आतून कोरडा ठणठणीत. कुंडी उचलून बघितली की वजनावरून कळतं. अशी कुंडी पाण्यानं भरलेल्या टबात बुडवून ठेवायची, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. पंधरा-वीस मिनिटं लागतात. मग कडेची फट वाळू आणि शेणखत मिसळून बुजवायची. पुढच्या वेळी कुंडी भरताना नुसती काळी माती भरू नये. एक घमेलं माती, एक घमेलं जाडी वाळू, एक घमेलं मुरलेलं खत, हे आपल्याकडे चालतं. कोकोपीट सुटसुटीत असतं, पण एकदा पूर्ण वाळलं की तेही पाणी अंगाला लावून घेत नाही, हे विकणारा सांगत नाही.

होळीच्या राखेचा विषय इथेच काढतो. दुसऱ्या दिवशी घमेलंभर राख आणून गुलाबाला, लिंबाला, जास्वंदीला वाटून टाकायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. राखेत पालाश असतं हे खरं. पण राख चुनखडीच्या वळणाची, आणि आपली काळी माती आधीच त्या वळणाची, त्यात बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह असून झाडाला मिळत नाही. मग शेंड्याची नवी पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. गुलाब, लिंबू आणि जास्वंद यांच्यावर हे हमखास दिसतं. अंड्याची टरफलं आणि चुन्याची निवळी यांचंही तेच. आधी पिवळेपणा कुठे आहे ते बघावं. खालची जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील, तर झाडाला नत्र कमी पडतंय किंवा ते नुसतं पानगळ करतंय. वरची कोवळी पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. त्याला मातीत काही घालून फारसा उपयोग नाही, पानावरून द्यावं लागतं. लिटरभर पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळायचा, त्यात 5 ग्रॅम हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, विरघळवायचा, गाळून उन्हं उतरल्यावर फवारायचं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. पाणी तांबडं झालं तर ते फेकून नवं करायचं. आधीच पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतील अशी आशा धरू नये. त्यानंतर येणारी पानं बघावीत. राख मात्र फुकट जात नाही. वांग्याचं बी साठवायला ती उत्तम, त्याकडे शेवटी येतो.

लिंबाच्या झाडाला या दिवसांत फुलं आणि गोटीएवढी फळं एकदम असतात, आणि घराघरात एकच तक्रार: फळं गळतात. बहुतेक वेळा आठवडाभर कोरडं आणि मग एकदम पाइप सोडून तळं, हेच कारण. थोडं पण नेमानं पाणी हवं, आणि काडी खुपसून बघितलं तर ओल वीतभर खोल लागली पाहिजे. आळं खोडाला भिडलेलं नको. खोडाभोवती हातभर मातीचा उंचवटा आणि त्याच्या बाहेर बांगडीसारखं आळं, म्हणजे पाणी खोडाला शिवत नाही आणि डिंक्या लागत नाही. खोडावर डिंकाचे ओघळ दिसले, तर तेवढी साल ताज्या लाकडापर्यंत चाकूनं खरवडायची आणि बोर्डो मलम लावायचा. घरच्यापुरता तो सहज होतो. अर्धा लिटर पाण्यात 100 ग्रॅम मोरचूद, दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये 100 ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत, आणि दोन्ही गार झाल्यावर एकत्र ओतून काठीनं ढवळायचं. लोखंडी बादली चालत नाही. स्वच्छ खिळा त्यात मिनिटभर बुडवून बघायचा; त्यावर तांबूस थर आला तर चुना आणखी हवा. त्याच दिवशी संपवायचा आणि खोडाला तीन फुटांपर्यंत लावायचा. नुसतं ऊन लागून साल तडकू नये एवढाच हेतू असेल तर साधा चुनाही पुरतो, पश्चिमेच्या अंगाला जरा दाट.

लिंबाच्याच भाऊबंदातला कढीपत्ता. होळीच्या आसपास त्याला कोवळी, जवळजवळ पोपटी पालवी येते आणि तिच्यावर, नीट बघितलं तर, मोहरीपेक्षाही लहान फिकट पिवळे मणी. एका पानावर एकच. हे लिंबू-फुलपाखराचं अंडं. त्यातून निघते ती अळी पहिले काही दिवस हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट तपकिरी आणि मध्ये पांढरा डाग. लोक ती घाण समजून सोडून देतात, आणि तिचा बेतही तोच असतो. शेवटची कात टाकली की ती हिरवीगार होते आणि मग तिची भूक दिसते. फूटभर रोपाला एक अळी दोन दिवसांत नागवं करते. काडीनं डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि सडक्या लिंबाचा भपकारा सोडते. मोठ्या झाडावर चार-सहा असल्या तर राहू द्याव्यात. झाड पुन्हा फुटतं, आणि फोडणीपुरता पाला उरतोच. लहान रोपावरची उचलून मोठ्या झाडावर ठेवावी. ती चिरडणं मला जमत नाही, आणि फवारणं त्याहून नाही, कारण फवारलेली पानं उद्या आपल्याच कढीत जायची असतात. तरी कुणी पाच रोपांची कलमं वाढवत असेल आणि तो ती वेचून साबणाच्या पाण्यात टाकत असेल, तर त्याला नावं ठेवायला मी जाणार नाही.

मेलंय की झोपलंय, हे ओळखणं या दिवसांतलं सगळ्यांत स्वस्त कौशल्य.

देवचाफ्याच्या नुसत्या काटक्या उभ्या असतात आणि नवीन भाडेकरू हमखास विचारतात, हे वाळलेलं झाड काढून का टाकत नाही. नखानं साल किंचित खरवडावी. खाली ओलसर हिरवं दिसलं तर झाड जिवंत. टोक बोटांत दाबून बघावं. कडक असेल तर ठीक, पिचपिचीत लागलं तर ती फांदी कुजली आहे, घट्ट भाग लागेपर्यंत कापावी. कुंडीतल्या चाफ्याला पान इंचभर होईपर्यंत पाणी अगदी बेतानं, कारण पानच नाही तर ते पाणी जाणार कुठे. कोथिंबीर आणि मेथी फुलोऱ्यावर आली की उपटायची घाई करू नये. कोथिंबिरीच्या पांढऱ्या छत्र्यांवर या दिवसांत जेवढी वर्दळ असते तेवढी बागेत कुठेच नसते. तिथेच मावा ही कीड खाणारे ढालकिडे जमतात. त्यांची पिल्लं मात्र ढालकिड्यासारखी दिसतच नाहीत. लांबट, राखाडी-काळी, अंगावर नारिंगी ठिपके, सहा पायांवर तुरुतुरु चालणारी. कीड समजून माणसं नेमकी तीच चिरडतात. गुलाबाच्या पानाला कडेनं कंपासानं कापल्यासारखे स्वच्छ अर्धगोल दिसले, तर औषध शोधू नये. पानं कापून नेणारी माशी ते तुकडे घरट्याला वापरते, खात नाही. अळीनं खाल्लेलं पान वेडंवाकडं असतं आणि खाली काळी लेंडी पडलेली असते.

आणि कात्री लावायच्या आधी झुडपात डोकावावं. बुलबुल, शिंपी, शिंजीर यांची घरटी याच दिवसांत असतात, आणि शिंजीरचं तर पोर्चमधल्या वायरीलाही लोंबतं. घरटं दिसलं की त्या बाजूला महिनाभर हात लावायचा नाही. छाटणी वेळेवर झाली असती तर ही आफत आलीच नसती, हेही त्यात आलं.

वेलांमध्ये गिलकं, म्हणजे घोसाळं, हा आपला हक्काचा. बी फेब्रुवारीत रात्रभर भिजवून लावलेलं असेल, तर पाडव्याच्या आगेमागे पिवळी फुलं दिसतात आणि आठ-दहा दिवस सगळी गळून पडतात. ती नराची, आधी तीच येतात. मादी फुलाच्या मागे करंगळीएवढं गिलकं जन्मजात असतं. ते पिवळं पडून वाळायला लागलं तर परागण झालेलं नाही. मग आपण करावं. ताजं नर फूल तोडून पाकळ्या सोलायच्या आणि आतला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. वेळ चुकली तर मेहनत वाया: गिलकं सकाळी लवकर उमलतं, दोडका संध्याकाळी, दुधीचं पांढरं फूलही संध्याकाळी. दोडक्याशी सकाळी खटपट करणारे निराश होतात ते यामुळे. ऊन चढतं तशी नर फुलं वाढतात आणि मादी कमी होतात, त्याला टॉनिक नाही. फळ वाकडं होऊन त्यावर डिंकाचा थेंब दिसला तर ती फळमाशी. सापळा घेताना दुकानात नीट सांगा. वेलांच्या माशीला क्यू ल्युअरची गोळी लागते. आंब्याच्या माशीची मिथाइल युजेनॉलची असते. आंब्याची गोळी गिलक्याच्या मांडवात टांगून सापळे फसवे असतात म्हणणारे भेटतात. डंख लागलेली फळं वेलाखाली पडू द्यायची नाहीत. अळी तिथेच मातीत उतरून कोष करते.

पाडवा झाला की जाळी. पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी घरच्या बागेला पुरे. पंच्याहत्तरची घेतली तर मोगरा फुलायचा थांबतो. झाडांच्या डोक्यापासून दोन फूट तरी वर, जरा उतार देऊन बांधावी. पश्चिमेला तिची कनात खाली सोडावी, कारण दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन आणि झळा तिकडूनच येतात. चारही बाजूंनी बंद केली तर आत भट्टी होते. जुन्या सुती साड्यांनीही काम भागतं, फक्त वळवाच्या वाऱ्यात त्या आधी फाटतात. वेलभाज्यांना जाळी नको. उलट गिलक्या-दोडक्याचा मांडवच पश्चिमेला घालावा आणि त्याच्या सावलीत कुंड्या सरकवाव्यात. गच्चीवरच्या कुंड्या स्लॅबवर थेट ठेवू नयेत, दोन विटांवर ठेवाव्यात. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या मधे, मातीच्या कडेला.

पाण्याचं सांगायचं तर नळ रोज येत नाही हे धरूनच बेत करावा लागतो. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं ही अजून तरी सगळ्यांत शहाणी सोय. पाच-सात लिटरचं, झाडापासून फूटभर, तोंडावर झाकण, नाहीतर डास. फक्त एक गफलत सगळे करतात: पाणी गार होत नाही म्हणून टाकून दिलेला जुना माठ पुरतात. तो गार होत नाही, कारण त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. आणि बुजलेली छिद्रं बागेतही झिरपत नाहीत. नवं, कच्च्या पोताचं मडकं घ्यावं, किंवा जुन्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात घट्ट बसवावी. आपल्याकडे ठिबकच्या जुन्या नळ्या कुठल्याही शेतकऱ्याकडे मिळतात. ड्रिपर तुंबले असतील तर रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकावेत. आरओचं टाकाऊ पाणी कुंड्यांना घालू नये. त्यात तेच क्षार जास्त दाट असतात, आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर आणि पानांच्या कडा करपलेल्या, ही त्याची पावती. फरशी पुसायला ते ठीक. कुरडयांच्या गव्हाचं आंबट पाणी थेट बुडाशी ओतलं तर मुंग्या आणि चिलटं जमतात. कंपोस्टच्या ढिगावर टाकावं.

राहिलं वांगं. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि बामणोद गावचं नाव तर त्याच्याही कितीतरी आधीपासून लोकांच्या तोंडी आहे. पण परसातल्या झाडावरची चव राखायची तर बी आपलं आपणच धरावं लागतं. फाल्गुनात झाड थकतं, फळं लहान आणि बियाळ येतात, शेंडे अळीनं वाळतात. या शेवटच्या फळांचं बी धरू नये. बियांचं वांगं मोसम भरात असतानाच ठरवायचं: निरोगी झाड, दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याचं फळ, देठाला लाल दोरा. जवळपास दुसऱ्या जातीची वांगी असतील तर फूल उमलायच्या आधीच त्यावर मलमलीची पिशवी बांधायची, कारण मधमाश्या सरमिसळ करतात. फळ झाडावरच पिवळंधमक होऊ द्यायचं. दोरा बांधलेलं ते फळ साधारण होळीच्या सुमाराला तयार होतं. उतरवून आठवडाभर सावलीत ठेवावं, मग फोडून गर पाण्यात कुस्करावा. तळाशी बसेल ते बी, तरंगेल ते फोल. फडक्यावर पसरून सावलीत वाळवायचं. चैत्राच्या उन्हात थेट ठेवलं तर ते भाजतं. चांगलं खुळखुळीत वाळलं की चाळलेल्या राखेत घोळवून कागदाच्या पुडीत बांधायचं आणि पुडी डब्यात. पुडीवर वर्ष लिहावं. असं बी तीन-चार वर्षं बऱ्यापैकी उगवतं, पण दुसऱ्या वर्षापासून रोपं टाकताना मूठ थोडी सैल ठेवावी.